आधी विहीणबाईंचं ताट

माझ्या डाव्या हाताला, खिडकीशी बसलेल्या कमलताईंना त्या प्रवासातून मिळवायचं होतं ते असं: लेकीचं पहिलं बाळंतपण स्वतःच्या हातानं करायचं, नातवंडाला पहिली आंघोळ घालायची आणि माझ्या बायकोच्या नाकावर टिच्चून सहा महिने त्या घरात पाय रोवून राहायचं. माझ्या उजव्या हाताला बसलेल्या माझ्या बायकोला, प्रमिलाला, नेमकं हेच मिळवायचं होतं. मला मिळवायचं होतं ते फक्त जेवण.

विमान युरोपातून भर दुपारी सुटलं होतं आणि डॅलसला उतरणार होतं. तिथे आमचा विश्वजित नोकरीला. त्याची बायको मृणाल, दिवस भरत आलेली. कमलताई रणनवरे या मृणालच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई. फलटणच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मृणाल एकुलती एक. मुंबईहून निघालेल्या पहिल्या विमानात त्या आमच्यापासून बऱ्याच मागे बसल्या होत्या, त्यामुळे तो प्रवास सुरळीत पार पडला. दुसऱ्या विमानात तिघांना एका ओळीत जागा मिळाली.

"बरं झालं की, एकत्र बसू," प्रमिला म्हणाली.

"हो ना, बरं झालं," कमलताई म्हणाल्या.

दोघींनी ज्या आवाजात हे म्हटलं तो आवाज मी चांगला ओळखतो. कोल्हापुरात माझं मंगल कार्यालय होतं. लग्नं मी मोजली नाहीत, पण विहिणी पुष्कळ पाहिल्या.

निघण्याआधी विश्वजितनं फोनवर दोन्ही घरांना बजावलं होतं. "इथं कुणाचं आजारपण निघालं तर आम्हाला झेपणार नाही. बीपी, शुगर, काही असेल तर आत्ताच सांगा. त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात यावं, बाळंतपणात नको." प्रमिलानं सांगितलं, "मला काय धाड भरलीय? विहीणबाईंचं त्यांना विचार." कमलताईंनी सांगितलं, "मी ठणठणीत आहे."

ठणठणीत नव्हत्या. मुंबईच्या विमानतळावर सामान तपासताना त्यांची पर्स उघडायला लावली, तेव्हा मी मागेच उभा होतो. आत जाडसर निळं पेन होतं, बारीक सुयांची डबी होती आणि डॉक्टरांची चिठ्ठी. माझे थोरले भाऊ इन्सुलिनचं तसलंच पेन पोटाला टोचून घ्यायचे, त्यामुळे मला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. प्रमिला पुढे जाऊन चपला घालत होती.

"दादा," कमलताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मृणालला माहीत आहे. जावईबापूंना नाही."

"मला तरी कुठं काय माहीत आहे?" मी म्हटलं.

एवढ्यावर आमचा करार झाला. मी विचार केला, बाई एकटी, लेक एकटी, आणि प्रमिलाच्या हातात ही बातमी पडली तर ती डॅलसला उतरायच्या आत कमलताईंच्या परतीचा दिवस ठरवून मोकळी होईल. मी दुष्टपणानं म्हणत नाही. माझी बायको वाईट नाही. पण तिच्या मनात एक जुनं शल्य राहिलेलं होतं.

ते असं. विहिणीची पंगत म्हणजे मुलाच्या आईचा मान. तिचं ताट आधी वाढायचं, भोवती रांगोळी काढायची, आणि मुलीच्या आईनं समोर बसून आग्रह करून तिला जेवू घालायचं. मुलाच्या आईनं घास उचलल्याशिवाय बाकी कुणी हात लावायचा नाही. विश्वजितच्या लग्नात, फलटणला, प्रमिलाचं ताट वाढलं गेलं, रांगोळी झकास होती, पण समोर आग्रहाला कमलताईंऐवजी त्यांची जाऊ येऊन बसली. कमलताई म्हणे आतल्या खोलीत पडल्या होत्या, डोकं दुखत होतं. प्रमिला जेवली, हसली, साडी घेतली आणि घरी येऊन म्हणाली, "मुलीच्या आईनं मला एका शब्दानं 'जेवा' म्हटलं नाही." त्यानंतर हे वाक्य मी दर सणाला ऐकत आलो.

आता विमानातल्या जेवणाबद्दल. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, ताट समोर येईल आणि आपण खाऊ. तसं नसतं. ती पंगतच असते, फक्त उठून जायची सोय नसलेली. लोखंडी गाड्या पुढून निघतात, बोळातून सरकत सरकत मागे येतात आणि मागच्या ओळीतल्यांना जे उरेल ते मिळतं. आम्ही शेपटाकडे होतो. कार्यालयात शेवटच्या पंगतीला बसणाऱ्याचं काय होतं ते मला माहीत असल्यामुळे मी चिकनची आशा आधीच सोडली होती. प्रमिलानं सोडली नव्हती.

"रस्सा देतील का वो हे?" तिनं विचारलं.

"रस्सा नाही. पांढरट काहीतरी असतं, त्यात चिकन असतं."

"असू दे. दोन दिवस झाले, तोंडाला चव नाही."

अन्न तापल्याचा वास मागून यायला लागला तशा कमलताई पर्स घेऊन उठल्या. आम्ही दोघं उठून बोळात उभे राहिलो, त्या गेल्या आणि थोड्या वेळानं परत आल्या. पर्स घेऊन मोरीत कशासाठी गेल्या ते मला कळलं. पहिल्या विमानात वास सुटल्या सुटल्या त्यांचं ताट आलं असणार. त्याच अंदाजानं त्या टोचून आल्या होत्या. म्हणजे आता त्यांना लवकर जेवायला हवं होतं, नाहीतर साखर एकदम खाली जाते.

ताट आलंही. गाडी अजून पार पुढे होती, तेवढ्यात सोनेरी अंबाडा घातलेली एक उंच हवाईसुंदरी हातात एकच ताट घेऊन आमच्या ओळीशी थांबली. हे मला तेव्हा नवीन होतं. ज्यांनी आधीपासून वेगळं जेवण सांगून ठेवलेलं असतं, त्यांची ताटं गाडीच्या आधी, हातानं आणून देतात. मृणालनं तिकडे बसून आईसाठी ते सांगून ठेवलं होतं. बिचारीला वाटलं असेल, गुपचूप सोय होईल. ते ताट सगळ्यांच्या आधी येतं, त्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते आणि देणारी बाई नाव मोठ्यानं पुकारते, हे तिला कुठून माहीत असणार?

"डायबेटिक मील?" बाईनं प्रमिलाच्या डोक्यावरून खिडकीकडे बघत विचारलं. "मिसेस रानानावारे?"

नावाची चटणी झाली होती, पण पहिला शब्द प्रमिलाला स्पष्ट कळला. तिनं ताट बघितलं, चिठ्ठी बघितली आणि मान वळवून विहीणबाईंकडे बघितलं.

कमलताईंचा चेहरा उतरला. "नाही, नाही," त्या मराठीतच म्हणाल्या. "माझं नाही ते."

बाई हातातला कागद बघू लागली. ताट परत चाललं होतं.

"माझं आहे," मी म्हणालो आणि समोरचं फळकूट खाली पाडलं. "आम्ही जागा बदलल्या."

बाईला कुणाचं का असेना, ताट खपल्याशी कारण. तिनं ते माझ्यापुढे ठेवलं आणि गेली.

प्रमिला माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला साखर आहे?"

"थोडीशी."

"थोडीशी? आणि काल विमानतळावर गुलाबजाम हाणलेत ते?"

"म्हणूनच ताट वेगळं सांगितलं."

"कधी निघाली साखर?"

"निघायच्या आधी. तुला काळजी नको म्हणून बोललो नाही."

"मला सोडून सगळ्या विमानाला सांगितलंत."

मी झाकण उघडलं. उकडलेलं चिकन, तीन फरसबीच्या शेंगा, दगडासारखा गार पाव, सफरचंदाच्या फोडी. अंगाला एक थेंब गोडवा नाही. मी ते ताट उचलून डावीकडे सरकवलं.

"ताई, माझी भूक मेलीय. तुम्ही घ्या हे."

"छे वो दादा! विहीणबाईंचं ताट यायचंय अजून. त्यांच्या आधी मी कशी जेवू?"

मी प्रमिलाकडे बघितलं. ती समोरच्या खुर्चीच्या पाठीवरचा पडदा बघत होती. त्यावर आमचं विमान समुद्रावर माशीसारखं चिकटलेलं होतं.

"जेवा की," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "ताट आलंय तर."

कार्यालयात मी एक गोष्ट शिकलो. 'जेवा' एकदा म्हणणं ही रीत. दुसऱ्यांदा म्हणणं ही माणुसकी. तिसऱ्यांदा, हाताला धरून म्हटलं, तरच ते बोलावणं. एकदाच्या 'जेवा'वर आमच्याकडे कुणी घास उचलत नाही. उचलला तर त्याच्या घराण्याबद्दल बोललं जातं.

"तुमचं येऊ दे, मग बरोबरच बसू," कमलताई म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

ताट माझ्याच फळकुटावर, त्यांच्या बाजूला सरकवलेलं, निवत पडलं. गाडी तोवर निम्म्यावर आली होती. झाकणांचे आवाज येत होते, माणसं मान वाकडी करून शेजाऱ्याच्या ताटात काय आहे ते बघत होती. मी मनात म्हटलं, ठीक आहे, फार वेळ नाही.

आणि विमान खाली गेलं. कुणीतरी किंचाळलं, डोक्यावर पट्ट्याची खूण पेटली. सूचना झाली. वाढपी मंडळींनी गाड्या भराभर मागे ओढल्या, आमच्या नाकासमोरून वासासकट नेल्या, पडद्यामागे कुलूपबंद केल्या आणि स्वतः भिंतीला पाठ लावून पट्टे आवळून बसली. कार्यालयात वीज गेली तरी मी पंगत थांबवली नव्हती. इथे थांबली.

"आता?" प्रमिलानं विचारलं.

"हादरे थांबेपर्यंत काही नाही."

"माझं चिकन?"

"तुझं चिकन आत कोंडलंय."

विमान खडखडत चाललं होतं. मी डावीकडे बघितलं. कमलताई जांभया देत होत्या. एक झाली की दुसरी. ओठाच्या वर घाम आला होता, गार वारा अंगावर येत असूनही. खुर्चीच्या हातावर ठेवलेली त्यांची बोटं थरथरत होती आणि ते थरथरणं विमानाचं नव्हतं.

"ताई, पाव तरी खा. माझं ऐका."

"विहीणबाई..." त्या म्हणाल्या.

"त्यांचं राहू दे. तुम्ही खा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण मला ओळखल्यासारखं बघितलं नाही. "कंडक्टर," त्या म्हणाल्या, "ही गाडी फलटणला थांबते ना?"

मी बोलवायचं बटण दाबलं. दिवा लागला. भिंतीशी पट्टा आवळून बसलेल्या बाईनं लांबूनच हात हलवून 'बसा, बसा' केलं. मी हाका मारल्या. तिनं पुन्हा हात हलवला. त्या डोलणाऱ्या बोळात तिला उभंही राहता येत नव्हतं. मी सफरचंदाची फोड कमलताईंच्या तोंडाशी नेली. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि तोंड फिरवलं, लहान मूल फिरवतं तसं.

"व्हा बाजूला," प्रमिला म्हणाली.

तिनं पट्टा काढला होता. पुढच्या खुर्चीखालची आपली पिशवी पायानं ओढून तिनं मांडीवर घेतली आणि कागदात गुंडाळलेला कोल्हापुरी गूळ बाहेर काढला. हा गूळ बाळंतिणीच्या शिऱ्यासाठी होता. कागल रोडच्या गुऱ्हाळावर स्वतः उभी राहून तिनं तो निवडून आणला होता आणि डॅलसपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही अशी घरात ताकीद होती. मी मुंबईत एक खडा मागितला होता, मिळाला नव्हता.

ढेप दगडासारखी. हातानं फुटेना. प्रमिलानं ती सरळ तोंडाला लावली, दाढेखाली धरून तुकडा तोडला आणि माझ्या अंगावरून ओणवी होऊन तो आपल्या दातांतला तुकडा कमलताईंच्या तोंडात घातला.

मुलाच्या आईचं उष्टं मुलीच्या आईच्या तोंडात. असली पंगत मी कुठल्याच कार्यालयात बघितली नव्हती.

"मॅडम! सिट डाऊन!" भिंतीशी बसलेली ओरडली.

"बसते बाई, बसते," प्रमिला मराठीत तिच्यावर ओरडली. "आधी हिला ताळ्यावर आणू दे!" आणि कमलताईंना म्हणाली, "गिळा. चावू नका, चोखा. असं. पाणी द्या वो त्यांना, बघत काय बसलाय!"

मी पाणी दिलं. तिनं दुसरा तुकडा तोडला. मग तिसरा. तेवढ्यात विमान असं काही आपटलं की प्रमिला माझ्या मांडीवर येऊन पडली. सफरचंदाच्या फोडी माझ्या शर्टावर आल्या. ती तशीच उठली आणि पुन्हा हात पुढे केला.

हळूहळू कमलताईंच्या डोळ्यांत माणूस परत आला. त्यांनी आधी मला ओळखलं, मग प्रमिलाला, आणि मग तोंडात काय आहे ते त्यांच्या ध्यानात आलं.

"विहीणबाई, हे तुमचं..."

"जेवा," प्रमिला म्हणाली.

"तुमचं ताट नाही आलं अजून."

"जेवा म्हणते ना." तिनं पाव फोडला, चिकनचा तुकडा त्यात दाबला आणि कमलताईंचं मनगट धरलं. "जेवा."

कमलताई जेवल्या. पावाचा चुराही ठेवला नाही. त्यांचं होईपर्यंत प्रमिलानं मनगट सोडलं नाही. मी मध्ये सापडलो होतो. दोघींचे हात माझ्या छातीवरून गेलेले, श्वास घ्यायची पंचाईत.

ताट रिकामं झाल्यावर प्रमिलानं विचारलं, "लग्नात पण हेच झालं होतं का? डोकं दुखतंय म्हणून आत होता तेव्हा?"

कमलताईंनी मान हलवली. "सकाळी टोचलं आणि धावपळीत खायचं राहिलं. उठता येईना. जाऊबाईंना म्हटलं, तुम्ही बसा समोर. सगळ्यांसमोर पडले असते तर मृणालच्या सासरी काय दिसलं असतं?"

"मला सांगायचं होतं."

"तुम्हालाच तर सांगायचं नव्हतं."

प्रमिलानं पट्टा बांधून पुन्हा पडदा बघायला घेतला. विमान शांत झालं, दिवा गेला, गाड्या पडद्याबाहेर आल्या. आमच्यापर्यंत येताना व्हायचं ते झालं. चिकन संपलं होतं. प्रमिलाला चीजमध्ये बुडालेला पास्ता मिळाला. कमलताईंनाही एक ताट देऊ केलं, त्यांनी हात जोडले. मी ताट मागितलं तर बाईनं कागद बघितला आणि गोड हसून सांगितलं की माझं जेवण मला मघाशीच दिलेलं आहे.

प्रमिलाच्या ताटात चॉकलेटचं काहीतरी मऊसूत गोड होतं. मी चमच्यासकट हात पुढे केला.

"हां!" ती म्हणाली. "साखर आहे तुम्हाला."

"अगं, आता कशाला..."

"चिठ्ठी होती ताटावर. मी वाचलीय." ते गोड तिनं एकटीनं, सावकाश संपवलं.

कमलताई म्हणाल्या, "विहीणबाई, आता कळलंच आहे तुम्हाला. उतरल्यावर मीच सांगते जावईबापूंना. परत पाठवलं तर पाठवलं."

"काय कळलंय मला?" प्रमिला म्हणाली. "साखर आमच्या ह्यांना आहे. तुम्हाला विमान लागलं. माझ्या आईला एसटीसुद्धा लागायची."

कमलताईंनी माझ्याकडे बघितलं. मी वर बघितलं.

"एक मात्र करा," प्रमिला पुढे म्हणाली. "यापुढं ताट समोर आल्याशिवाय टोचून घ्यायचं नाही. विमानातल्या ताटाचं काही खरं नसतं."

उतरायच्या आधी पुन्हा एक बारकं खाणं येतं, गरम पाकिटातलं. ते आलं तेव्हा प्रमिलानं आपलं पाकीट बंद ठेवलं, कमलताईंची पर्स त्यांच्या हातात दिली, त्या परत येईपर्यंत त्यांच्या पाकिटावर हात ठेवून बसली आणि त्या आल्यावर म्हणाली, "जेवा, जेवा, जेवा. झालं तीनदा."

त्या पाकिटातलंही मला काही मिळालं नाही. मधुमेह्यांसाठी एक सुकी बिस्किटाची पुडी होती.

डॅलसच्या विमानतळावर विश्वजित न्यायला आला होता. पाया पडून उठतो न उठतो तोच प्रमिला म्हणाली, "तुझ्या बाबांना साखर निघालीय. पेन टोचावं लागतं. फ्रिजमध्ये जागा कर."

विश्वजितनं कपाळाला हात लावला. मृणाल घरी दारात उभी होती. तिनं फ्रिजमध्ये ठेवायला आईचं पेन माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, गोड अगदी बंद हं," आणि तोंड फिरवून इतकी हसली की पोट धरून खाली बसली. त्या दिवसापासून मला चहा बिनसाखरेचा, सकाळी कारल्याचा रस आणि संध्याकाळी विश्वजितबरोबर सक्तीची फेरी. रोज पेनातलं औषध कमी होत होतं आणि मुलगा कौतुकानं म्हणत होता, "बाबा नियमित घेतायत हं."

इथवर ही गोष्ट हसण्यावारी न्यायची, असं मलाही वाटत होतं. पण त्या घरातली जेवणं मी रोज बघत होतो. प्रमिला टेबलाशी बसल्याशिवाय कमलताई बसत नव्हत्या. प्रमिला बसली तर म्हणायच्या, "एवढ्या पोळ्या उरकते." ती उठून लाटणं हातातून काढून घ्यायची, तर त्या भांडी घासायला घ्यायच्या. विश्वजित घरी असला तर मोरीचं दार लावून टोचून यायच्या आणि मग 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' यातच वेळ जायचा. प्रमिला तीनदा म्हणायची, हाताला धरायची. कमलताई बसायच्या, चार घास खायच्या आणि प्रमिलाचं ताट रिकामं दिसलं की वाढायला उठायच्या. मुलाची आई समोर असली की मुलीच्या आईचा हात आपोआपच आखडतो. दोघींची इच्छा असूनही.

एकदा दुपारी त्यांच्या हाताला पुन्हा कंप सुटलेला मी बघितला. प्रमिलानंही बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना ती म्हणाली, "आपण परत जाऊ."

"कुठं?"

"कोल्हापूरला. विश्वजितला सांगते, बाबांची साखर इथं आटोक्यात येत नाही, त्यांना त्यांचा डॉक्टर पाहिजे."

"अगं, पंधरा-वीस दिवसांवर आलंय मृणालचं!"

"म्हणून तर. त्या दिवसांत ही बाई पडली तर बाळंतिणीला कोण बघणार? मी समोर आहे तोवर ती वेळेवर जेवणार नाही. मी काय म्हणते त्याचा प्रश्न नाही. मी आहे, हाच प्रश्न आहे." तिनं विश्वजितचा शर्ट झटकला. "तुम्ही एवढं कार्यालय चालवलंत. तुम्हाला कळायला पाहिजे होतं."

"मग सांगून टाकू सरळ विश्वजितला."

"आणि तो त्यांना परत धाडेल. पोरीला पहिल्या खेपेला आई पाहिजे का सासू, ते मला शिकवू नका. मी माझ्या पहिल्या खेपेला सासूपाशी होते."

विश्वजितनं खूप समजावलं, चिडला, एकदा डोळ्यांत पाणीही आणलं. प्रमिलाचं एकच: "बाबांची साखर." कमलताईंना सगळं कळत होतं. निघायच्या दिवशी दारात त्या तिचा हात धरून उभ्या राहिल्या. बोलायला तोंड उघडलं, तर प्रमिला म्हणाली, "वेळेवर जेवा म्हणजे झालं," आणि गाडीत बसली.

परतीच्या विमानात माझ्यापुढे साधं ताट आलं, गोडासकट. प्रमिलाला चिकन मिळालं. तिनं निम्मं ठेवलं.

नात झाली ती आम्हाला फोनवर कळली. बारशाचे फोटो आले. कमलताई पूर्ण सहा महिने राहिल्या आणि नंतर पुन्हा पुन्हा गेल्या. आमचं जाणं काही ना काही कारणानं लांबत गेलं. नात पहिल्यांदा भारतात आली तेव्हा ती चालत होती, बोलत होती. विमानतळावर प्रमिलानं हात पुढे केले तशी ती मागे सरली आणि कमलताईंच्या पदराआड लपली. कमलताई कानकोंड्या झाल्या. "अगं, जा की, आजी आहे तुझी," म्हणत तिला पुढे ढकलू लागल्या.

"राहू द्या," प्रमिला म्हणाली. "ओळख नाही तिची माझी."

आता हिशेब. कमलताईंना मिळवायचं होतं ते सगळं मिळालं आणि त्यात त्यांनी कुणाला फसवलं असं मी म्हणणार नाही. विश्वजितला काही कळलं नाही, त्याला फुकटात निर्धास्त झोप मिळाली. मी महिनाभर कारलं प्यायलो आणि नातीचा जन्म माझाही हुकला, पण ते माझ्याकडून वसूल केलेलं होतं. वसुली देण्यात धरत नाहीत. कुणी न मागता दिलं, कुणाला न सांगता दिलं, आणि त्या दिवशी विमानतळावर रिकामे हात खाली घेताना ज्यातलं एका शब्दानंही बोलून दाखवलं नाही, ते दिलं एकट्या प्रमिलानं.